पंप रीतसर बंद करताना

अच्युतराव दिघे यांनी उभ्या आयुष्यात कुणावरही नोटीस दिल्याशिवाय कारवाई केली नव्हती. जिल्हा न्यायालयात ते नाझर होते, म्हणजे समन्स, नोटिसा, जप्तीचे हुकूम लोकांच्या दारापर्यंत पोचवणाऱ्या खात्याचे मुख्य. रिटायर झाले तरी रक्तात भिनलेलं जात नाही. घरात झुरळ निघालं तरी ते आधी जमिनीवर चप्पल आपटून त्याला इशारा द्यायचे, निघून जायला वाजवी अवधी द्यायचे आणि मगच दुसरी चप्पल हातात घ्यायचे. यशोधराबाईंचं म्हणणं असं, की या न्यायदानामुळे लग्न झाल्यापासून आपल्या घरात एकही झुरळ मेलेलं नाही.

अशा माणसाच्या वाट्याला कम्प्युटरमधल्या एका चालत्या प्रोग्रामचा जीव घ्यायची कामगिरी यावी, आणि तो प्रोग्रामही पोटच्या पोरीने लिहिलेला असावा, याला नशीबच म्हणायचं.

प्रकरण पाण्याचं होतं. इंदूरच्या विजय नगरमधल्या त्यांच्या 'मालवश्री' सोसायटीत नर्मदेचं पाणी आधी खालच्या हौदात येतं आणि तिथून मोटर ते गच्चीवरच्या टाकीत चढवते. पूर्वी मोटर लावणं आणि बंद करणं हे ज्याला आठवेल त्याचं काम होतं, म्हणजे कुणाचंच नव्हतं. मग अच्युतरावांच्या मुलीने, संहिताने, मीटरच्या खोलीत पानाच्या डब्याएवढा एक कम्प्युटर बसवला आणि त्यात हा प्रोग्राम सोडला. टाकीत पाणी किती आहे ते तो बघायचा, मोटर चालू करायचा, टाकी भरली की बंद करायचा आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून संहिताच्याच आवाजात सांगायचा, "टाकी भरली आहे. टंकी भर गई है."

संहिताचं ते वर्ष बरं नव्हतं. बंगलोरच्या कंपनीने तिचं अख्खं डिपार्टमेंटच बंद केलं होतं आणि ती बॅग घेऊन घरी आली होती. दुपारपर्यंत झोपायची. कुणी आलं की आतल्या खोलीत जायची. आई ताट वाढून ठेवायची, ते तसंच गार व्हायचं. एक दिवस टाकी कोरडी पडली आणि सोसायटीत आरडाओरडा झाला, तेव्हा ती गाऊनवरच गच्चीत गेली आणि टाकीत डोकं घालून बराच वेळ बघत राहिली. त्यानंतर कशा कुणास ठाऊक, घरात तारा आल्या, पाना-पेचकस आले, आणि पोरगी सकाळी पाणी यायच्या वेळेला उठायला लागली. मोटर चालू झाली आणि तिच्यामागून संहिताही. वर्षअखेरीस तिला बंगलोरलाच दुसरी नोकरी मिळाली, ती गेली, आणि स्पीकरमधला आवाज तेवढा राहिला.

अच्युतराव घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाआधी मीटरच्या खोलीत नेऊन तो डबा दाखवत. एका व्याह्यांच्या व्याह्यांना तर त्यांनी टाकी भरेपर्यंत बसवून ठेवलं होतं.

पण यंत्र म्हटलं की म्हातारपण आलंच. टाकीतला पाण्याची पातळी बघणारा काटा गंजला. प्रोग्राम मधेच थबकायचा. तो आपोआप पुन्हा सुरूही व्हायचा हे खरं, पण तोवर वरच्या मजल्यावर कुणीतरी तोंडाला साबण लावून उभं असायचं. शेवटी सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं, की बाजारात मिळतो तो तयार कंट्रोलर आणायचा.

"दिघेजी, बिटिया ने जो बनाया वो एक नंबर बनाया," अध्यक्ष उदयसिंहजी म्हणाले. ते मूळचे देपालपूरकडचे, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. "पर बिटिया तो बंगलोर में है ना भिया. टंकी इधर है."

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. अच्युतरावांनी पेनाचं टोपण काढलं. सेक्रेटरी या नात्याने त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात ठराव लिहिला आणि खाली सही केली. जुना प्रोग्राम बंद करायची जबाबदारीही ओघाने त्यांच्याकडेच आली, कारण त्या डब्याशी बोलायची विद्या संहिताने फक्त त्यांना शिकवली होती.

घरी आल्यावर यशोधराबाईंनी विचारलं, "अहो, तिला सांगितलंत का?"

"सांगतो ना."

"केव्हा?"

"योग्य वेळी."

यशोधराबाई ताटं घ्यायला वळल्या. कोर्टात योग्य वेळ म्हणजे पुढची तारीख, हे त्यांना इतक्या वर्षांच्या संसारात कळलेलं होतं.

ठरलेल्या दिवशी सकाळी कंपनीचा माणूस नवा कंट्रोलर काखेत मारून आला. त्याने मीटरच्या खोलीत डोकावून बघितलं, डब्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "पहले ये पुराना वाला बंद करो आप. चालू के ऊपर मैं हाथ नहीं लगाता."

"प्लगच काढू का?" शेजारचे दौलतराव फणसे म्हणाले. फणसे मंडळींचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते. दौलतरावांनी आयुष्यभर परदेशीपुऱ्यात मशीनच्या सुट्या भागांचं दुकान चालवलं, पण सल्ला देताना ते अजूनही घोड्यावर असत.

"प्लग काढायचा नाही," अच्युतराव म्हणाले. "याच डब्यावर गेटचे कॅमेरे पण आहेत. आणि चालत्या डब्याची वीज तोडली तर आतलं सगळं खराब होतं, असं संहिताने बजावून ठेवलंय. फक्त पंपाचा प्रोग्राम थांबवायचा, बाकीच्यांना धक्का लागता कामा नये."

"तो करो आराम से," कंपनीचा माणूस म्हणाला आणि समोर पोहे खायला निघून गेला. इंदूरमध्ये 'पोहे खाऊन येतो' म्हणून गेलेला माणूस किती वेळात परत येईल, हे वेधशाळाही सांगू शकत नाही.

अच्युतरावांनी प्लास्टिकची खुर्ची ओढली, मांडीवर लॅपटॉप घेतला आणि तो डब्याला जोडला. मोबाइल त्यांनी मुद्दाम वर घरीच ठेवला होता. न जाणो, नेमका त्याच वेळी संहिताचा फोन यायचा आणि 'काय करताय बाबा?' असं विचारायची. खोटं बोलायची सवय नव्हती, आणि खरं बोलायची हिंमत नव्हती.

पडद्यावर काळी खिडकी उघडली. तिच्यात त्यांनी दोन अक्षरांची आज्ञा दिली तशी आत मागच्या मागे चाललेल्या सगळ्या प्रोग्रामांची यादी झरझर वर आली. ही यादी त्यांना फार आवडायची. कोर्टाच्या बोर्डावर लागते तशीच; प्रत्येकाला आपापला नंबर, कोण केव्हापासून चालू आहे त्याची नोंद. बहुतेकांची नावं ऐकलेलीही नव्हती. गवगवा न करता बिचारी आपापलं काम करत होती. त्यांतच मधे 'पंप' होता. नंबर अकराशे सत्याऐंशी.

थांबवायच्या आज्ञेचं नाव 'किल' होतं, आणि त्याबद्दल अच्युतरावांची पहिल्यापासून तक्रार होती. शिकवताना संहिता हसली होती. "बाबा, नावावर जाऊ नका. नुसतं किल म्हटलं की ती विनंती असते. प्रोग्राम ऐकतो, हातातलं काम आटपतो, मोटर बंद करतो आणि मग जातो."

"म्हणजे नोटीस."

"हो, नोटीसच. ऐकतच नसेल तर मग किल मायनस नाइन. पण ते अगदी शेवटी. त्यात त्याला कळतच नाही काय झालं ते. आवरायला वेळच मिळत नाही."

"म्हणजे सुनावणीशिवाय फाशी," अच्युतराव म्हणाले होते आणि ती विद्या त्यांनी मनाच्या खालच्या कप्प्यात टाकली होती.

आता त्यांनी चष्मा सारखा केला, किल लिहिलं, नंबर लिहिला, एकेक आकडा यादीशी ताडून बघितला. मग थोडं थांबले. मग बटण दाबलं.

मोटरची घरघर थांबली. स्पीकरमधून संहिताचा आवाज आला, "मोटर बंद केली आहे. मी थांबते आहे."

हे वाक्य त्यांनी याआधी कधी ऐकलं नव्हतं. ऐकायची वेळच आली नव्हती. त्यांनी लॅपटॉप मिटायला हात लावला, तोच पुन्हा खरखर झाली.

"मी सुरू झाले आहे," संहिता म्हणाली. मोटर घरघरायला लागली.

दौलतरावांनी स्पीकरकडे बघितलं, अच्युतरावांकडे बघितलं. "बंद केलं ना तुम्ही?"

"केलं तर खरं."

"मग?"

अच्युतरावांनी पुन्हा यादी काढली. पंप होता. फक्त नंबर नवा होता. म्हणजे जुना रीतसर गेला होता आणि त्याच्या जागी दुसरा येऊन बसला होता. त्यांनी नव्या नंबरावर नवी नोटीस काढली. पुन्हा मोटर थांबली, पुन्हा संहिता थांबते आहे म्हणाली. दोघांनी श्वास रोखला. गेटवरून एक स्कूटर गेली. आणि पुन्हा, "मी सुरू झाले आहे."

"ये तो रक्तबीज है!" दौलतराव ओरडले.

या ओरडण्याने तमाशाला प्रेक्षक मिळाले. पहिल्या मजल्यावरच्या शुभदाताई गच्चीत बटाट्याचा कीस वाळत घालून खाली उतरत होत्या, त्या जिन्यातच थांबल्या. उदयसिंहजी धुतलेली गाडी पुसत होते, ते फडकं खांद्यावर टाकून आले. अच्युतरावांनी तिसरी नोटीस बजावली. चौथी बजावली. आता प्रत्येक वेळी मोटर बंद झाली की मंडळी 'हां' म्हणायची आणि चालू झाली की 'अर्रर' म्हणायची, जशी कुणी क्रिकेटची मॅच बघत असावं.

"माझं ऐका," शुभदाताई म्हणाल्या, "आमच्याकडे मिक्सर असाच करत होता. मी त्याला दोन दिवस लावलाच नाही. आपोआप ठीक झाला."

"शुभदाताई, हा मिक्सर नाही."

"नाही हो, मी आपली स्वभावाबद्दल सांगत होते."

अच्युतरावांच्या कपाळावर घाम आला. त्यांना खरी भीती वेगळीच वाटत होती. हा डबा संहिताचा होता. तो असा हट्टाने परत परत उभा राहतोय आणि आपण त्याला परत परत पाडतोय, हे काही त्यांना बरं दिसत नव्हतं. ते वर्ष आठवलं. तेव्हाही पोरगी अशीच रोज सकाळी उठून उभी राहायची.

एवढ्यात दौलतरावांनी जावयाला फोन लावला. यशवर्धन जवळच कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत होता. दौलतरावांनी फोन स्पीकरवर टाकला आणि सेनापती पुढ्यात नकाशा धरतो तसा हात लांब करून धरला.

"काका, कितनी बार किल किया?" यशवर्धनने विचारलं.

"चार वेळा. रीतसर."

"मग ऐकत नाही तो. मायनस नाइन लावा. सीधा. एक बार में खेल खतम."

"पण त्याला आवरायला वेळ—"

"काका, प्रोग्राम आहे तो. त्याला काय आवरायचंय? मला मीटिंग आहे, बाय."

सगळे अच्युतरावांकडे बघायला लागले. अच्युतराव म्हणाले, की कुणी समन्स घेऊनही हजर होत नसेल तरच पुढची कारवाई करतात. हा तर प्रत्येक वेळी नोटीस मानतोय, निघूनही जातोय. परत कोण येतंय, त्याचा आधी शोध घ्यायला हवा. हे म्हणणं इतकं बिनचूक होतं की ते कुणालाच पटलं नाही.

"दिघेजी," उदयसिंहजी समजुतीच्या सुरात म्हणाले, "नहीं जम रहा हो तो कोई बात नहीं. उमर का भी होता है. मैं किसी लड़के को बुला लेता हूं."

हे वर्मी लागलं. छत्तीस वर्षं ज्या माणसाने जिल्ह्यातल्या बड्या बड्या धेंडांच्या हातात समन्स दिले, त्याला पानाच्या डब्याएवढ्या यंत्रातला एक प्रोग्राम बंद करता येत नाही! अच्युतरावांचे कान लाल झाले. त्यांनी लॅपटॉप जवळ ओढला, किल लिहिलं, पुढे ती रेघ दिली, नऊचा आकडा घातला, नंबर घातला आणि डोळे मिटून बटण दाबलं.

या वेळी संहिता काहीच म्हणाली नाही. यादी काढली, पंप नव्हता. थोडा वेळ वाट बघितली, तरी नव्हता. टाळ्या पडल्या. दौलतरावांनी "असं पाहिजे!" म्हणून पाठीवर थाप मारली, आणि मंडळी बाहेर सावलीत जाऊन बसली. यशोधराबाईंनी वरून सगळ्यांना चहा पाठवला. अच्युतरावांना तो कडू लागला. मोटरची घरघर चालूच आहे, हे त्या टाळ्यांत कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिला बंद करणारा तेवढा गेला होता.

ध्यानात आलं ते दौलतरावांच्या. वरून काहीतरी ओलं येऊन त्यांच्या टकलावर चिकटलं. त्यांनी काढून बघितलं. बटाट्याचा कीस होता.

"माझा कीस!" शुभदाताई किंचाळल्या.

टाकी भरून वाहत होती. गच्चीवर पसरलेला वर्षाचा कीस घेऊन नर्मदेचं पाणी पन्हाळीतून धो धो खाली येत होतं आणि थेट उदयसिंहजींच्या नुकत्याच पुसलेल्या गाडीवर पडत होतं. पांढऱ्या गाडीला नव्या नवरीसारख्या मुंडावळ्या लागल्या.

"मोटर बंद करो! हाथ से बंद करो!"

हाताने बंद करायचा खटका भिंतीतल्या लोखंडी पेटीत होता. मेन स्विचही त्याच पेटीत. आणि त्या पेटीला दोन कुलपं होती, कारण लोक मनाला येईल तेव्हा मोटर लावतात म्हणून एका किल्लीचा ताबा अध्यक्षांकडे आणि दुसरीचा सेक्रेटरींकडे असावा, दोघे हजर असल्याशिवाय पेटी उघडू नये, असा नियम झाला होता. नियम अच्युतरावांनीच सुचवला होता. सेक्रेटरींची किल्ली जानव्याला होती. अध्यक्षांनी सगळे खिसे चाचपले.

"दूसरी पैंट में है," ते म्हणाले.

"मग आणा ना!"

"पैंट इस्त्री को गई है."

दौलतराव इस्त्रीवाल्याकडे धावले. त्याच वेळी कचरागाडी रस्त्यावरून आली आणि गेटाशी हळू झाली. ड्रायव्हरने रस्त्यावर वाहणाऱ्या ओहोळाकडे, त्यातल्या किसाकडे आणि भिजलेल्या अच्युतरावांकडे पाहिलं. "क्या अंकल," तो फार दुखावलेल्या आवाजात म्हणाला, "पढ़े-लिखे होके?" आणि गेला. स्वच्छतेत देशात पहिला नंबर मिरवणाऱ्या इंदुरी माणसाला याहून वाईट काही बोलता येत नाही.

अच्युतराव मीटरच्या खोलीत परतले. आता प्रोग्रामच काय तो वाचवणार. तो पुन्हा उभा राहावा म्हणून ते मनोमन देवाला सांगत होते. आणि खरंच, स्पीकरची खरखर झाली.

"मी आधीच सुरू आहे," संहिता शांतपणे म्हणाली. "पुन्हा सुरू करता येत नाही."

अच्युतरावांनी यादी काढली. यादीत पंप नव्हता.

"मी आधीच सुरू आहे," संहिता पुन्हा म्हणाली. "पुन्हा सुरू करता येत नाही."

"अरे राम," उदयसिंहजी दोन पावलं मागे सरले. "मरने के बाद बोल रही है."

त्याच क्षणी यशोधराबाई अच्युतरावांचा मोबाइल घेऊन, पदर खोचून, पाण्यातून वाट काढत आल्या. "अहो, संहिताचा फोन आहे. विचारतेय, खाली डब्यापाशी कोण आहे म्हणून."

अच्युतरावांनी ओला हात सदऱ्याला पुसला. सदराही ओलाच होता. "बोल बेटा."

"बाबा, तुम्ही खाली आहात? थँक गॉड. ऐका ना, पंपाचा प्रोग्राम सकाळपासून सारखा पडतोय. चार वेळा मी इथून सुरू केला, आता पाचव्यांदा होतच नाहीये. मीटिंगमध्ये अडकले होते, आत्ता बाहेर आलेय. काय झालंय बघता का जरा?"

अच्युतरावांनी पन्हाळीकडे बघितलं.

"तू सुरू करत होतीस?"

"हो, मग काय. थांबला की माझ्या फोनवर येतं. मी लगेच चालू करते."

"बेटा," अच्युतराव म्हणाले, "मी बंद करत होतो."

इकडे नर्मदा पडत होती.

"मतलब... मुद्दाम?"

"मुद्दाम. रीतसर. चार वेळा. आणि मग एकदा," त्यांचा आवाज खाली गेला, "मायनस नाइन."

"बाबा! मोटर चालू असताना?"

"पूर आलाय इथे."

"थांबा, थांबा. आधी ते बघू," संहिता म्हणाली. तिचा आवाज एकदम कामाचा झाला. "तो सुरू होतो ना, तेव्हा आत एक छोटी फाइल ठेवतो, 'मी सुरू आहे' म्हणून. जाताना स्वतः ती उचलून नेतो. तुम्ही त्याला उचलायला वेळच नाही दिला. आता फाइल तशीच पडलीये, म्हणून मी सुरू करायला गेले की त्याला वाटतं आपण जिवंतच आहोत."

"आसामी मयत आणि हजेरी चालू," अच्युतराव पुटपुटले. असले कागद त्यांनी कोर्टात पुष्कळ पाहिले होते.

"ती फाइल काढून टाकू. लिहा, आर, एम."

"रामातला आर?"

"हो, आणि रामातलाच एम."

"म्हणजे रामच म्हण ना."

"बाबा, प्लीज. पुढे एक स्पेस, फक्त एकच. आता मी सांगते ते नाव अक्षर न अक्षर लिहा, मधे कुठेही जागा सोडू नका, आणि मला वाचून दाखवल्याशिवाय बटण दाबू नका."

त्यांनी लिहिलं, वाचून दाखवलं, तिने एक अक्षर सुधारायला लावलं, त्यांनी पुन्हा वाचलं. यशोधराबाईंनी पदराने चष्म्याची काच पुसून दिली. बटण दाबलं.

"आता मी इथून सुरू करते," संहिता म्हणाली.

खरखर झाली. "मी सुरू झाले आहे." आणि पाठोपाठ, कारण टाकी भरून वाहतेय हे त्याला आता दिसत होतं, "टाकी भरली आहे. टंकी भर गई है." मोटर थांबली. पन्हाळीची धार बारीक झाली, थेंबांवर आली. कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. शुभदाताई सूप घेऊन गाडीवरचा कीस गोळा करत होत्या आणि उदयसिंहजी दुसऱ्या बाजूने त्यांना मदत करत होते.

"बाबा," फोनमधून आवाज आला, "बंद का करत होते तुम्ही?"

आता सांगण्याखेरीज गत्यंतर नव्हतं. अच्युतरावांनी मीटिंगचं सांगितलं, कंट्रोलरचं सांगितलं. "ठराव मीच लिहिला. तुझं नाव होतं त्यात, आभाराचं. पण तुला सांगवलं नाही गं. त्या वर्षी तू हे केलंस... मला वाटलं, ते काढून टाकलं असं कळलं तर तुला काय वाटेल."

पलीकडे संहिताने कुठलंसं दार लोटून घेतलं.

"बाबा, तो प्रोग्राम कधीचाच संपलाय," ती म्हणाली. "काटा गेलाय, निम्म्या वेळा तर तो अंदाजाने चालतो. मी रोज सकाळी उठले की आधी तिकडे बघते. पडलेला असला की उभा करते, पाणी चढेपर्यंत लक्ष ठेवते, मग ऑफिसला पळते."

"रोज?"

"मग काय करणार? तुम्ही येईल त्याला नेऊन दाखवता. आई सांगते ना मला. मी म्हटलं, एक दिवस हा बंद पडला तर बाबांना काय वाटेल."

अच्युतरावांनी यशोधराबाईंकडे बघितलं. त्या स्पीकरच्या जाळीवरची धूळ पदराने टिपत होत्या, टिपण्यासारखी धूळ तिथे नव्हती.

"म्हणजे तू माझ्यासाठी—"

"आणि तुम्ही माझ्यासाठी," संहिता म्हणाली आणि एकदम हसायला लागली. हसता हसता तिने नाक ओढलं. "काय यार बाबा. अपन दोघं पण."

"मग बंद करू?" अच्युतरावांनी विचारलं.

"करा. पण मायनस नाइन नको हां."

"छे! एकदा झाली ती चूक."

त्यांनी यादी काढली. पंप होता. नंबर ताडून बघितला. किल लिहिलं, नंबर लिहिला. फोन त्यांनी स्पीकरच्या जवळ धरला, तिलाही ऐकू जावं म्हणून. कधी नव्हे ते खोलीत कुणीच सल्ला देत नव्हतं.

"मोटर बंद केली आहे," भिंतीवरची संहिता म्हणाली. "मी थांबते आहे."

"काय मस्त आवाज होता माझा," फोनमधली संहिता म्हणाली.

त्यांनी वाट बघितली. कुणी परत आलं नाही. गेटचे कॅमेरे चालू होते, बाकीची यादी जशीच्या तशी आपापलं काम करत होती. तेवढ्यात दौलतराव धापा टाकत आले, उजव्या हातात इस्त्री केलेली पँट आणि डाव्या हातात किल्ली, आणि त्यांच्या मागून पोह्यांच्या प्लेटमधली शेव निवडत कंपनीचा माणूस. "हो गया?" त्याने विचारलं, आणि पायाखालच्या पाण्याकडे बघून म्हणाला, "पोंछा लगाया क्या?"

नवा कंट्रोलर तासाभरात बसला. तो बोलत नाही, नुसता टीं टीं करतो. शुभदाताईंना अच्युतरावांनी बटाटे आणून दिले आणि दुपारभर गच्चीत बसून किसूही लागले. त्यांचा कीस जाड होतो म्हणून शुभदाताईंनी शेवटी किसणी काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं. खाली टीं टीं झालं. अच्युतराव चहाचा कप घेऊन खिडकीत उभे होते, आणि आपल्याला कान द्यावा असं खाली काही उरलं नाही, हे त्यांना पुन्हा पुन्हा जाणवत होतं. इतक्यात फोन वाजला.

"बाबा, झोपमोड नाही ना केली?"

"नाही गं, उठलोय. काय झालं? सगळं ठीक?"

"ठीक आहे. काही नाही," संहिता म्हणाली. "उठले, आणि तिकडे बघायला गेले तर बघायला काहीच नव्हतं. म्हटलं, वेळ आहे तर... तुम्ही काय करताय?"

"चहा पितोय. तू घेतलास का?"

"टाकलाय."

"आलं घातलंस का?"

"संपलंय."

"मग आण की आज."

बोलण्यासारखं खरं तर दोघांकडेही काही नव्हतं. पुष्कळ वेळ ते तेच बोलत राहिले. बंगलोरला ढग आलेत का, घरमालकाने गीझर दुरुस्त केला का, उदयसिंहजींच्या वायपरमधून अजून कीस निघतोय का. अच्युतराव बोलता बोलता खिडकीतून पलंगावर आले आणि पाय वर घेऊन मांडी घालून बसले.

"आई कुठाय? दे ना तिला," संहिता म्हणाली.

यशोधराबाई स्वयंपाकघराच्या दारात झारा हातात घेऊन उभ्या होत्या आणि दुसरा हात त्यांनी केव्हाचा पुढे केलेला होता.

"आई ना?" अच्युतराव भिंतीकडे तोंड वळवून म्हणाले, "आई खजरान्याच्या गणपतीला गेलीय. यायला वेळ आहे तिला. तू बोल."